उस्तादांची तिसरी कमान

उस्तादांना कुणी काम सांगायला आलं की ते आधी उठून उभे राहात. बसल्या बसल्या हुकूम ऐकायचा नाही, असा त्यांचा नियमच होता. मग पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवत, सांगितलेलं काम त्याच शब्दांत मोठ्यानं परत म्हणून दाखवत आणि कमरेला गुंडाळलेली सुती दोरी सोडून तिला एक गाठ मारत. ती गाठ मुद्दाम सैल ठेवत. दोरीची दोन टोकं समोरच्याच्या हातांत देत आणि म्हणत, "ओढा." काम सांगणाऱ्यानं आपल्या हातानं गाठ घट्ट केली की बोलणं पक्कं झालं. पुढे काम पुरं होई, तो माणूस येऊन ते पाही आणि 'झालं' म्हणे, तेव्हा त्याच्यासमोरच ती गाठ सोडायची. तोपर्यंत उस्ताद ती दोरी कमरेला बांधून हिंडत. आंघोळीला बसतानासुद्धा ती खुंटीला न टांगता हाताशी ठेवतात, असं त्यांच्या बीबी सांगत.

हिंगोलीतल्या किती जणांनी ती दोरी ओढली असेल याची गणती नाही. हौद बांधून घेणाऱ्या हळदीच्या अडत्यानं ओढली होती, देवळाच्या पायऱ्या नीट करून घेणाऱ्या पुजाऱ्यानं ओढली होती, मशिदीच्या विहिरीसाठी पाच जणांनी मिळून ओढली होती. नव्या माणसाला हसू येई. ते उस्तादांना चाले. "हसत ओढा, पर ओढा," म्हणत.

मी तेव्हा हिंगोलीच्या तामीरात कचेरीत होतो. निजामाच्या अमलात रस्ते, पूल आणि सरकारी इमारती बांधणारं हे खातं. तिथं मी अहलकार होतो, म्हणजे साधा कारकून. माझं उर्दू अक्षर चांगलं होतं आणि कायदा पाठ होता, या दोन गोष्टींचा मला त्या वयात फार माज होता. उस्ताद मला 'मुनशीजी' म्हणत. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा माणूस, पण मला कधी एकेरी हाक मारली नाही. ते मूळचे वसमतचे. बापजाद्यांपासून दगड घडवायचं काम. अंगानं उंच, पण आयुष्यभर दगड वाहून डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला. चुन्यानं नखं खाल्लेली, दाढी मेंदीनं लाल, आणि पापण्यांवर चुन्याची पांढरी भुकटी सणावारीसुद्धा असायची.

वाळूची गाडी आली की उस्ताद तिच्यातली चिमूटभर वाळू दाताखाली धरत. मातकट लागली तर अख्खी गाडी परत. गाडीवाला म्हणे, "चाचा, सरकारी काम हाय, कोण बघतंय?" त्यावर उस्ताद थुंकून म्हणत, "पानी बघतंय." त्यांचा सगळा धर्मच पाण्याच्या भीतीवर उभा होता. साहेब बदलतो, तालुकदार बदलतो, पावसाळा मात्र दरसाल येऊन तपासणी करून जातो, असं ते म्हणत. आम्ही कचेरीतले लोक या बोलण्याला हसायचो, कारण आमच्याकडे तपासणीसाठी वेगळा तक्ता होता.

उस्ताद नुसते गवंडी नव्हते, गुत्तेदार होते. सरकारी काम ठरलेल्या नकाशाप्रमाणे, ठरलेल्या दरानं करून द्यायचा गुत्ता ते घेत. त्यासाठी इकरारनामा, म्हणजे करार, लिहून होई आणि उस्ताद त्याखाली अंगठा उठवत. आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर एका ओढ्यावर पूल बांधायचं ठरलं, तेव्हा तो इकरारनामा मीच लिहिला आणि मीच त्यांना वाचून दाखवला. नकाशात दोन कमानींचा पूल होता. सातव्या कलमापाशी मी मुद्दाम थांबलो.

"उस्ताद, हे नीट ऐका. नकाशात नाही असं कुठलंही काम लेखी हुकमाशिवाय करायचं नाही. केलंत तर ते सरकारचं नाही, तुमचं."

"व्हय."

"कुणी तोंडी सांगितलं तर कागद मागायचा."

उस्ताद म्हणाले, "मुनशीजी, साहेब मला तोंडानं बोलला आन् मी म्हनलो, कागुद द्या, तर त्याचा अर्थ काय झाला? साहेब, तुमी खोटं बोलून राहिले, असाच झाला न्हवं? मोठ्या मानसाला काहून खोटं पाडावं?"

मी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. बदलाचा हुकूम कसा काढतात, त्यात कामाचं कारण, माप आणि दर कसे लिहितात, सही आधी आणि काम नंतर का. त्यांनी सगळं मान हलवून ऐकलं, अंगठा उठवला आणि जाताना मला म्हणाले, "तुमी लई शिकले." यात कौतुक किती आणि कीव किती ते मला आजही सांगता येणार नाही.

पायाची खणती सुरू झाली त्याच आठवड्यात ओढ्याच्या वरच्या अंगाच्या तांड्याचा नाईक उस्तादांना भेटायला आला. तांडा म्हणजे पूर्वी बैलांवर माल वाहणाऱ्या लोकांची वस्ती. आता ते तिथं शेती करत होते. नाईक म्हातारा, बोलायला हळू. त्यानं उस्तादांचा हात धरला आणि काठावरच्या एका बाभळीपाशी नेलं. बाभळीच्या फांद्यांत पुरुषभर उंचीवर वाळलेलं गवत अडकलेलं होतं.

"हे मागल्या पुराचं गवत हाय," नाईक म्हणाला. "पानी हितवर येतं. आता तुमचा पूल मधी आडवा येईन. दोन कमानीतून एवढं पानी जाईन का? न्हाई गेलं तर कुठं येईन? आमच्या दारात."

उस्तादांनी ते गवत हातात घेऊन पाहिलं. दोन दिवस काम थांबवलं आणि साहेबांना निरोप पाठवला.

त्या वेळचे साहेब हैदराबादचे होते. आम्ही त्यांना मागाहून थोरले साहेब म्हणायला लागलो. भला माणूस. दम्यानं बेजार, तरी काठी टेकत ओढ्यात उतरले. मी वही घेऊन मागं. त्यांनी बाभळीवरचं गवत पाहिलं, काठीनं उंची मापली, दोन्ही काठ न्याहाळले आणि म्हणाले, "उस्ताद, एक कमान और लगेगी."

"लगेगी, साहब."

"बना दीजिए. कागज हो जाएगा."

उस्तादांनी चपला काढल्या. 'एक कमान और' असं मोठ्यानं म्हणाले. दोरीला गाठ मारली आणि टोकं पुढं केली. थोरल्या साहेबांना हा रिवाज माहीत होता. त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी, चांगला जोर लावून, गाठ ओढली. नाईक बाजूला उभा होता. त्यानं आकाशाकडे बघून हात जोडले.

आता माझा भाग सांगतो. तो सांगितल्याशिवाय उस्तादांबद्दल लिहायचा मला हक्क नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बदलाचा हुकूम स्वच्छ लिहून तयार केला. कारण, माप, दर, सगळं. फक्त सही हवी होती. त्याच सकाळी साहेब दौऱ्यावर निघाले. मी कागद, कलम आणि दौत घेऊन बाहेर आलो, तेव्हा त्यांचा एक पाय मोटारीत होता, चपराशी ट्रंक चढवत होता आणि साहेबांना धाप लागली होती. मी दोन पावलं पुढं गेलो. मग मला वाटलं, अशा वेळी कागद पुढं करणं बरं दिसत नाही. साहेब शब्दाचे पक्के. सोमवारी येणारच आहेत. उस्तादांना पंधरा मिनिटं कायदा शिकवणारा मी, दौतीवर झाकण घालून मागं फिरलो.

सोमवारी साहेब आले नाहीत, तार आली. दौऱ्यावरूनच त्यांची दूरच्या जिल्ह्यात बदली झाली होती.

नवे साहेब यायला चार महिने लागले. तेवढ्यात उस्तादांनी पूल उभा केला. मी दर आठ दिवसांनी मापं घ्यायला जात असे आणि दर खेपेला सांगत असे, "उस्ताद, तिसऱ्या कमानीचं थांबवा, सही झालेली नाही." ते म्हणत, "साहेबानं गाठ ओढली तवा तुमी हजर होते का न्हाई?" होतो. "मंग?" या 'मंग'पुढं माझा सगळा कायदा खुंटायचा. कमानीच्या माथ्यावरचा शेवटचा दगड, ज्याला ते चावी म्हणत, तो बसवताना त्यांनी कुणाला बोलू दिलं नाही. दगड बसला. लाकडी साचा काढला. तिसरी कमान अशी उभी राहिली, की पहिल्या दोघींपेक्षा तीच देखणी दिसत होती.

मधल्या काळात मी थोरल्या साहेबांना त्यांच्या नव्या ठिकाणी पत्र लिहून हुकमाचा मसुदा पाठवला होता. त्यांचं उत्तर त्यांच्या हातचं आलं. लिहिलं होतं, मला सगळं आठवतं, पण मी तिथला कारभार सोपवून आलो आहे, आता माझ्या सहीला तिथं काही किंमत नाही, उस्तादांना सलाम सांगा. मी ते उस्तादांना वाचून दाखवलं. ते इतके खूश झाले, की त्यांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचवून घेतलं.

"बघा, साहेबाला याद हाय."

"याद आहे, पण सही नाही, उस्ताद."

"याद हाय न्हवं?"

नवे साहेब तरुण होते आणि वाईट नव्हते. कुणीतरी वाईट निघालं असतं तर ही गोष्ट मला सांगायला सोपी गेली असती. त्यांनी पुलावर उभं राहून कमानी मोजल्या, मग नकाशा पाहिला, मग पुन्हा कमानी मोजल्या. कचेरीत येऊन उस्तादांना खुर्ची दिली, चहा मागवला. मी जे घडलं ते सगळं सांगितलं. बिनसहीचा हुकूम पुढं ठेवला, थोरल्या साहेबांचं पत्र ठेवलं. त्यांनी शांतपणे वाचलं.

"मला तुमचं खरं वाटतं," ते त्यांच्या उर्दूत म्हणाले. "पण आजची तारीख घालून सही केली, तर काम हुकमाच्या आधीचं ठरतं. मागची तारीख घातली, तर मी खोटा ठरतो. सांगा, काय करू?"

उस्तादांनी दोरी पुढं करून गाठ दाखवली. साहेबांनी ती बोटानं चाचपली आणि मान खाली घातली.

तरी त्यांनी वर लिहून पाठवलं, की नकाशा सुधारून तिसऱ्या कमानीला मंजुरी द्यावी. दोन महिन्यांनी वरून विचारणा आली: तिसरी कमान बांधून झाली आहे की बांधायची आहे? बांधून झाली असेल, तर हुकमाशिवाय का बांधली त्याचा खुलासा करावा. बांधायची असेल, तर पूल पुरा झाल्याचं कळवलेलं असताना तिची गरज काय, त्याचा खुलासा करावा. मी असली पत्रं आयुष्यभर लिहिली आहेत, त्यामुळं त्या विचारणेतली सफाई मला लगेच कळली. दोन्ही बाजूंनी दार लावून घेतलं होतं.

मग निघाला तो एकच मार्ग. पूल नकाशासारखा दिसला पाहिजे. आता जिथं तिसरी कमान होती, तिथं नकाशात भरीव भिंत होती. तेव्हा कमान पाडू नये, फक्त भिंत घालून बुजवावी, आणि पूल दोन कमानींचा म्हणून ताब्यात घ्यावा. पुढंमागं मंजुरी आली, तर भिंत काढता येईल. साहेबांनी हे उस्तादांना सांगितलं, तेव्हा उस्ताद नेहमीप्रमाणे उभे राहिले, पण चपला काढल्या नाहीत. दोरीला हातही लावला नाही.

"साहब, इसका कागज दीजिए," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कागद मागितला. आणि गंमत अशी, की तो लगेच मिळाला. कारण तो नकाशाला धरून होता. मी लिहिला, साहेबांनी तिथंच सही केली, शिक्का झाला, शाई वाळवली. सगळ्याला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. कचेरीच्या पायरीवर मी उस्तादांना विचारलं, याला गाठ नाही मारली? ते म्हणाले, "ह्याला कशाला? कागुद हाय ना."

भिंत घालताना त्यांच्या हाताखालच्या गवंड्यांनी सुचवलं, की चुना वापरू नये, मातीतच दगड रचावेत. पहिल्या पुरात आपोआप निघून जातील, कुणाचं नाव नाही. मलाही ते पटलं होतं. मी तर मापाच्या वहीत डोळेझाक करायला तयार होतो. उस्तादांनी चुन्याच्या घाण्यातून ताजा चुना मळून आणायला सांगितला.

"मुनशीजी, साहेबानं बंद करायचा हुकूम देला. वाईट बांधायचा न्हाई देला."

नाईक समोरच्या काठावर उकिडवा बसून सगळं बघत होता. शेवटचा थर बसला आणि उस्तादांनी सांधे पुसून घेतले. मग दोघं मिळून बराच वेळ बिड्या ओढत बसले. तिसऱ्या कमानीच्या बांधकामाचा त्यांना पैसाही मिळाला नाही. त्यांनी त्यासाठी आपली बैलजोडी विकली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण तांड्याच्या बाजूनं जायचं त्यांनी सोडलं.

पहिला पावसाळा बेताचा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, पोळ्याच्या सुमाराला, तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी नाईक उस्तादांच्या दारात येऊन उभा राहिला, आणि त्याच वेळी साहेबांनी मला पूल शाबूत आहे का ते पाहायला पाठवलं. वाटेत आमची गाठ पडली. उस्तादांच्या खांद्यावर पहार होती. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पूल शाबूत होता. दोन्ही कमानी तोंडापर्यंत भरून वाहात होत्या आणि उरलेलं पाणी मागं तुंबून तांड्यात शिरलं होतं. तिथली माणसं जोंधळा जमिनीतल्या पेवांत ठेवत. ती पेवं भरली होती. बाया कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून पेवांतला भिजका जोंधळा टोपल्यांनी उपसत होत्या आणि बाहेर तो टाकायलाही कोरडी जागा नव्हती. नाईकाच्या आंधळ्या आईला चौघांनी बाजेसकट टेकाडावर नेलं. ती म्हातारी सारखी विचारत होती, "पूल बांधला होता ना? मंग पानी काहून आलं?"

उस्तादांनी कमरेला दोर बांधून घेतला. वरून तांड्याच्या सहा जणांनी तो धरला. खालच्या अंगानं ते बंद कमानीपाशी उतरले आणि वरच्या थराला पहार लावली. मी काठावर छत्री धरून उभा होतो. माझं काम पाहायचं होतं, ते मी केलं. भिंत इतकी चांगली बांधलेली होती, की पहिला दगड निघायलाच घटकाभर लागली. साठीला आलेला तो माणूस स्वतःच्याच हातच्या चुन्याशी झगडत होता. प्रत्येक दगड निघाला की तो वर दोराला बांधून देत होता, पाण्यात सोडत नव्हता. दुपारपर्यंत चार थर निघाले. मग कमानीतून पाणी बाहेर पडलं आणि वरच्यांनी उस्तादांना ओढून घेतलं. त्यांची बोटं सोलून निघाली होती. संध्याकाळच्या आत तांड्यातलं पाणी गुडघ्याखाली आलं. जोंधळा मात्र गेलाच. पूर ओसरल्यावर उस्तादांनी जाऊन खालचे थरही काढले, कारण अर्धवट काम त्यांना बघवत नसे. काढलेले सगळे दगड त्यांनी काठावर ओळीनं, थर लावून रचून ठेवले.

नवे साहेब पाहणीला आले. त्यांनी मोकळी कमान पाहिली, रचलेले दगड पाहिले.

"किसके हुक्म से?"

"पानी के," उस्ताद म्हणाले.

साहेबांनी मला आणि चपराशाला जरा लांब जायला सांगितलं, तरी मला ऐकू येत होतं. ते उस्तादांना समजावत होते, की मी अहवालात लिहितो, भिंत पुरात वाहून गेली, तुम्ही फक्त हो म्हणा. माणूस मनापासून वाचवायला बघत होता. मी मनातल्या मनात उस्तादांना विनवत होतो, की म्हणा, हो म्हणा. एक शब्द आहे.

"साहब," उस्ताद म्हणाले, "मेरा बांधा हुआ बहता नहीं."

गुत्तेदारांच्या यादीतून त्यांचं नाव कमी झालं. सरकारी बांधकामाची हुकमाशिवाय मोडतोड केली म्हणून. तो हुकूमही माझ्याच सुवाच्य अक्षरात आहे. वाचून दाखवायला त्यांच्या घरी मीच गेलो. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याच्यात कमानी किती लिवल्या?" मी म्हणालो, दोन. "तीन हायत," ते म्हणाले. एवढंच. नाव गेल्याबद्दल चकार शब्द नाही. मला स्वतःची लाज वाटत होती आणि त्या लाजेचा कुणाला काही उपयोग नव्हता.

पुढची चार-पाच वर्षं उस्ताद आपल्याच शागिर्दांच्या हाताखाली रोजानं काम करत राहिले. भिंत बुजवायचं काम पुन्हा कुणी काढलं नाही. ते दुरुस्तीच्या यादीत दरसाल चढे आणि दरसाल पुढं ढकललं जाई. पूल तीन कमानींनी वाहात होता. उस्तादांच्या दोरीला गाठी पडत होत्या, सुटत होत्या, पण थोरल्या साहेबांच्या हातची ती एक गाठ तशीच होती. घामानं आणि चुन्यानं ती दगडासारखी झाली होती. "साहेब येऊन झालं म्हनला की सोडू," म्हणत. थोरले साहेब तोवर वारले होते. मी ते उस्तादांना सांगितलं, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि गाठीवरून अंगठा फिरवला.

अठ्ठेचाळीस साल आलं. राज्य बदललं. त्या काळाबद्दल इथं लिहायचं नाही, पण उस्तादांच्या गल्लीतली निम्मी घरं कुलपं लागून बंद होती, आणि ज्या दारांशी मी वर्षानुवर्षं चहा प्यालो होतो तिथं मला काय बोलावं ते सुचत नसे. उस्तादांचा मुलगा आधीच हैदराबादेला गेला होता. तो म्हाताराम्हातारीला न्यायला आला. उस्ताद थकले होते. त्यांनी मला बोलावणं पाठवलं.

कचेरीत तेव्हा उर्दू दप्तरं मराठीत उतरवायचं काम चालू होतं, आणि पुलांचं रजिस्टर माझ्याच टेबलावर होतं. उस्तादांना हे कुठून तरी कळलं होतं.

"मुनशीजी, सगळं नव्या बुकात लिवून राहिले म्हनतात."

"हो."

"त्याच्यात तीन लिवा." त्यांनी दोरी मांडीवर घेतली. "पैसे नकोत, नाव नको. साहेबानं मला तीन सांगितल्या, मी तीन बांधल्या. बुकात दोन असंल तर साहेब खोटा पडतो. तुमी तीन लिवलं की म्या समजंन, झालं म्हनला. मंग गाठ सोडतो."

मी दुसऱ्या दिवशी नव्या अधिकाऱ्यांना विचारलं. तेही सज्जनच होते, बाहेरून आलेले, कामानं वाकलेले. म्हणाले, "मूळ नोंदीत काय आहे?" मी म्हणालो, दोन. "मग दोनच. नकलेत बदल कसा करणार? करायचाच असेल तर वरून लेखी हुकूम आणा." मी वर लेखी विचारणा पाठवली. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. बाळापूरच्या पुलासमोर, कमानींच्या रकान्यात, मी माझ्या चांगल्या अक्षरात 'दोन' लिहिलं.

गाडी दुपारची होती. स्टेशनावर उस्ताद एका वळकटीवर बसले होते, शेजारी बीबी, पोरगा तिकिटं बघत होता. मला पाहून ते उठायला लागले. मी म्हटलं, बसा. ते उठलेच.

"लिवलं?"

"लिहिलं, उस्ताद."

"तीन?"

"तीन."

त्यांनी मान डोलावली आणि कमरेची दोरी सोडली. गाठ सुटेना. नखं नव्हती, दातही थोडेच उरले होते. बीबींनी वळकटीतून गोण्या शिवायचं दाभण काढून दिलं. ते दाभण गाठीत घालून उस्ताद एकेक पीळ सैल करत होते आणि मी समोर उभा राहून बघत होतो. गाडी आली, पोरगा घाई करायला लागला, तरी त्यांचा हात हलला नाही. तेवढ्या वेळात मला खरं सांगता आलं असतं. शेवटी गाठ सुटली. त्यांनी दोरी सरळ केली आणि तिची दोन्ही टोकं माझ्या हातांत दिली.

"ओढा."

मी ओढली. दोरी सरळ होती. त्यांनी ती परत घेतली नाही.

वर्षाच्या आत मुलाचं पत्र आलं, की अब्बा गेले. शेवटी शांत होते, असं त्यात लिहिलं होतं. ते वाचून मला बरं वाटायला हवं होतं.

आता मी निवृत्त आहे. बाळापूरकडे जाताना एसटी त्या पुलावरून जाते. पाहायचं नाही असं ठरवूनही मी खिडकीतून वाकून मोजतो. तीन भरतात. रजिस्टर कचेरीत असेलच, त्यात दोन आहेत. दोरी माझ्या कपाटात आहे. सुटलेल्या गाठीच्या जागी ती अजून जराशी वाकडी राहते. उस्तादांनी त्या दिवशी स्टेशनावर माझ्याकडे कागद मागितला असता, तर मी तिथंच उघडा पडलो असतो. त्यांनी मागितला नाही.